वरच्या बाकावरची ताइमी

माझा भाऊ आर्वो याने लग्न ठरल्यावर तळ्याकाठी आधी सौना बांधला आणि मग घर. समुद्रापलीकडून इथे येऊन वसलेल्या आमच्या लोकांत सगळे असंच करतात. लाकडाच्या चार भिंती, दगडांनी भरलेली लोखंडी चूल आणि बसायला पायऱ्यांसारखे तीन बाक, एवढं झालं की माणसाचं भागतं. तिथेच राहायचं, तिथेच घाम काढून आंघोळ करायची, बायकोचं बाळंतपण तिथेच आणि म्हातारा गेला तर त्याचं शेवटचं न्हाणंही तिथेच. घर काय, होईल तेव्हा होईल.

त्या सौन्यात ताइमी सून म्हणून पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतो. ती जंगलात आत वीस मैलांवरच्या एका शेतावरची, सहा भावांची एकुलती बहीण. आमच्या आईने तिला थेट सगळ्यात वरच्या बाकावर बसवलं. वर गरमी जास्त, हे सांगायला नको. मग आईने तापलेल्या दगडांवर पाण्याच्या पाच पळ्या लागोपाठ टाकल्या. मी उठून खालच्या बाकावर आले. थोड्या वेळाने आई स्वतःही खाली आली. ताइमी वर मांडी घालून बसली होती. आदराने म्हणाली, "चूल पेटवलीय ना, आई?"

आई पुढे वर्षभर येईल त्याला हे सांगत होती. मलाही सून आवडली, पण मी तसं दाखवलं नाही. मी तिची थोरली नणंद एल्मा. लग्न केलं नाही, शेजारच्याच घरात राहते, सहकारी दुकानात वजन-माप करते आणि तोंडाने फटकळ आहे. तेव्हा मी जे सांगते त्यातलं थोडं वजा करून ऐकलंत तरी चालेल.

आता आर्वोबद्दल. तो जंगलात कागदाच्या गिरणीसाठी लाकूड तोडायचा, आणि घरी आला की तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. कॉफी हवी का, तर "हं." बाहेर थंडी आहे का, तर "हं." दोन्ही 'हं' सारखेच, ओळखायचे आपण. लग्नानंतर मला ताइमीची कीवच यायची. पण शनिवारी आमच्या आळीतली सगळी माणसं पंचे घेऊन आर्वोच्या सौन्यावर यायची. आधी बायका-मुलं, मग पुरुष, आणि सगळे कॉफी आणि वेलदोड्याचा पाव खाऊन गेले की शेवटची पाळी नवरा-बायकोची. मी लाकूड रचते तो माझा जुना गोठा त्या सौन्याच्या भिंतीला लागून आहे. शनिवारी तिथे उभं राहिलं की आतून आर्वोचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण तास-तासभर चाललेला असायचा. आवाज त्याचाच, हे पटायला मला बरेच दिवस लागले.

एकदा मी ताइमीला विचारलं की हा एवढं काय बोलतो. ती म्हणाली, "सगळं. गाडीच्या क्लचपासून तुमचे वडील खाणीतून आले नाहीत त्या दिवसापर्यंत. घरात विचारलं तर उठून जातो. तिथे वाफेत बसला की न विचारता सांगतो." आणि मग म्हणाली की तिचा अख्खा संसार त्या वरच्या बाकावर झालेला आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला ते वाक्य तेव्हा फाजील वाटलं होतं.

ताइमी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण करायची. झपाझप काम, गाणं म्हणत. १९७० च्या उन्हाळ्यात तिचं काहीतरी बिनसलं. गवत कापायला आम्ही सगळे कुरणात होतो. ऊन चढलं आणि बारा वाजता ही मटकन खाली बसली. म्हणाली, पाय नाहीत. म्हणजे आहेत, पण सापडत नाहीत. आर्वोने तिला आधार देऊन घरी नेलं. आम्ही घामाघूम होऊन गवत ओढतोय आणि ही बटाट्याच्या तळघरात जाऊन गार जमिनीवर आडवी. अर्ध्या तासाने बघते तर टोपलीभर बटाटे घेऊन जिना चढून वर आली, गुणगुणत.

असं त्या उन्हाळ्यात पाच-सहा वेळा झालं. सकाळी ठणठणीत, दुपारी कप उचलवेना, संध्याकाळी तळ्यावरून आली की पुन्हा ठणठणीत. आता तुम्हीच सांगा, कुणाला काय वाटेल? ताप नाही, सूज नाही. मी आमच्या रौहा आत्याला म्हटलं, "हिचे पाय कामाच्या वेळी जातात आणि गप्पांच्या वेळी येतात." ताइमी मागे उभी होती. तिने ऐकलं, आणि हातातली चादर दोरीवर घालत राहिली. ती चादर तिने तीन वेळा पाडली. तेव्हाही मला वाटलं, मुद्दाम पाडतेय.

डिसेंबरात एका शनिवारी मी गोठ्यात होते. आतून आर्वोचा नेहमीचा आवाज येत होता, तो एकदम थांबला. मग त्याने माझ्या नावाने हाक मारली. आर्वोला ओरडताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. धावत गेले तर तो ताइमीला दोन्ही हातांवर घेऊन दारातून बाहेर येत होता. तिचे पाय कापडाचे असावेत तसे लोंबत होते. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. आम्ही सौन्यानंतर बुडी मारायला तळ्याच्या बर्फात चौकोनी भोक पाडून ठेवतो. त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने तिला तिथे नेऊन मानेपर्यंत पाण्यात धरलं.

दहा मिनिटं झाली नसतील. ताइमीने शिडी धरली आणि आपल्या पायांनी वर आली. मी पंचा गुंडाळला तर म्हणाली, "मला दोन आर्वो दिसत होते. आता एकच राहिलाय. बरं झालं, दोघं गप्प बसले असते तर घरात कसं व्हायचं." आणि स्वतःच्या पायांनी घरात गेली.

रौहा आत्या तेव्हा ऐंशीची होती. आळीतलं दुखणं असो की दुभतं, निकाल तीच द्यायची. तिने दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. आमच्यात म्हण आहे की सौना, दारू आणि डांबर यांनी जे बरं होत नाही ते माणसाला घेऊनच जातं. आत्या म्हणाली, सौन्याने अंगातला रोग ओढून काढला, म्हणूनच ही बाहेर पडली तेव्हा लुळी होती आणि घरी आली तेव्हा चालत आली. फक्त शनिवार पुरणार नाही. मंगळवार आणि गुरुवारही पाहिजे, आणि दगड चांगले तापले पाहिजेत.

आम्हा सगळ्यांना ते पटलं. का नाही पटणार? डोळ्यांनी पाहिलं होतं. डिसेंबर ते मार्च, तेरा आठवडे, आठवड्यातून तीनदा आर्वोने सौना तापवला. लाकूड मी वाहिलं, सुकं, निवडून. ताइमी चालत आत जायची, आर्वोच्या हातांवर बाहेर यायची, तळ्यात बुडायची आणि चालत घरी जायची. प्रत्येक वेळी. आळीतले लोक खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, बघा, सौन्याची करामत. आर्वो दुकानात येऊन चक्क एक पूर्ण वाक्य बोलला, "बरी होतेय ती." फांदी मोडली वाऱ्याने आणि मान मिळाला कावळ्याला. तळ्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. तळं काय, तिथे नेहमीचंच होतं.

पण मधल्या दिवशी ती कुठे बरी होती? शाळेच्या स्वयंपाकघरात भट्ट्या पेटल्या की तिला समोरचं धुरकट दिसायचं. मी आत्याला विचारलं, तर आत्या म्हणाली, गरमी अजून कमी पडतेय. मी आणखी लाकूड वाहिलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, पण तेव्हा म्हैस कोण आणि पखाल कोण हेच कुणाला कळत नव्हतं.

मार्चमध्ये एका गुरुवारी वरून उतरताना तिचा पाय गेला आणि नडगी चुलीच्या लोखंडाला टेकली. तिने ओढून घेतली नाही, कारण तिला कळलंच नाही. आर्वोला आधी वास आला. भाजलेलं पाहून मी डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला शंभर मैलांवरच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता. भाजल्यापेक्षा, भाजलेलं कळलं कसं नाही, याच्यातच त्याला जास्त रस. त्याने गुडघ्यांवर हातोडी मारली, टाचणी टोचली, डोळ्यांत दिवा धरला. तिच्याकडून उन्हाळ्याची आणि तळघराची हकीकत दोनदा ऐकली. मग म्हणाला, एक तपासणी करायची आहे, गरम पाण्याच्या टबात बसावं लागेल, घाबरू नका. ताइमीने पाण्यात हात घालून पाहिला आणि मला डॉक्टरला न कळणाऱ्या आमच्या भाषेत म्हणाली, "एवढ्या पाण्यात तर आपण मोजे भिजत घालतो." ऐटीत बसली. पंधरा मिनिटांनी डॉक्टरने तिला बोटं दाखवली आणि किती ते विचारलं. ती बराच वेळ बघत राहिली. शेवटी म्हणाली, "बोटं कुठे आहेत?"

आर्वो भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरने समजावून सांगितलं की डोक्यातून पायांकडे निरोप नेणाऱ्या शिरांवर एक वेष्टण असतं, विजेच्या तारेवर रबर असतं तसं. ते हिचं जागोजागी खाल्लं गेलंय. अंग गार असलं तर निरोप कसाबसा पोचतो. अंग थोडंसं जरी तापलं, तरी वाटेतच अडकतो. अंग निवलं की पुन्हा चालू. मी म्हटलं, म्हणजे तिला चालतं करत होतं ते तळं? डॉक्टर म्हणाला, हो. आणि लुळं करत होता तो सौना? डॉक्टर म्हणाला, हो. मी खुर्चीवर बसले. डिसेंबरपासून मी वाहिलेला एकेक ओंडका माझ्या डोळ्यांपुढून गेला. आणि तिने तीनदा पाडलेली ती चादरसुद्धा.

ताइमीने मात्र नीट विचारलं की गरमीने आजार वाढला का. डॉक्टर म्हणाला की नाही, गरमीने आजार वाढत नाही, फक्त आहे तो दिसतो. निवलं की माणूस होता तिथे परत येतो. पण पडणं आणि भाजणं हे खरं आहे, तेव्हा सौना बंद. उन्हात जाऊ नका, अंग गार ठेवा, झेपेल तितकंच गार पाणी घ्या आणि पाण्यात एकटीने उतरू नका.

एवढ्या सगळ्यातलं आर्वोने काय ऐकलं, कोण जाणे. शंभर मैल परत येताना तो एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चुलीतले दगड एकेक करून काढले आणि माझ्या गोठ्यामागे नेऊन टाकले.

शनिवारी लोक पंचे घेऊन आले आणि फाटकाशी उभे राहिले. आर्वो कुऱ्हाड घेऊन जंगलात निघून गेला होता. मी संध्याकाळी त्याला म्हटलं, "तिला चालत नाही म्हणून आळीने काय पारोसं राहायचं?" तो म्हणाला, "हं." आता हा कुठला 'हं' ते मला ओळखता येईना, आणि मी त्याला जन्मापासून ओळखते.

त्याच्यानंतर 'हं'सुद्धा बंद झाला. एप्रिल गेला, मे गेला. ताइमी कॉफी पुढे ठेवायची, तो प्यायचा, कप विसळून ठेवायचा, जायचा. ती बोलायची, तो ऐकायचा, म्हणजे निदान बसून तरी असायचा. एकदा ती त्या गार सौन्यात जाऊन वरच्या बाकावर बसली आणि तिथून त्याला हाक मारली. तो दारापर्यंत आला, तिला तिथे बसलेली पाहिलं, आणि पांढरा पडून परत फिरला.

बरं, त्याने तिला मनातून टाकलं होतं म्हणावं तर तसंही नाही. ताइमीने त्याच्या मासेमारीच्या जुन्या जाकिटाला आतून खिसे शिवले होते, बर्फाच्या पिशव्या ठेवायला. ते घालून ती शाळेच्या भट्टीपुढे दोन तास तरी उभी राहू शकायची. तर आर्वो पहाटे चार मैल गाडी चालवत जाऊन मासळीच्या गोदामातून चुरलेला बर्फ आणायचा, पिशव्या भरायचा, जाकीट दाराशी खुंटीला टांगायचा आणि कामावर निघून जायचा. रोज. एक दिवस चुकला नाही.

"बर्फ आणतो आणि बोलत नाही," ताइमी मला म्हणाली. "याचा अर्थ मी काय लावू? राग आलाय? किळस आलीय? का नुसतं कर्तव्य?"

मी म्हटलं, "तो आधी तरी कुठे बोलत होता?"

"माझ्याशी बोलत होता." ती जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. "डॉक्टरने सौना बंद केला, त्याच्याबरोबर माझा नवराही बंद झाला. एल्मा, पाय गेले तर मी काठी घेईन, खुर्ची घेईन. पण हा माणूस पुन्हा माझ्याशी बोललाच नाही, तर मी कुणाच्या घरात राहतेय?"

आणि ती रडली. ताइमीला रडताना मी पाहिलं नव्हतं. मला काहीतरी शहाणपणाचं सांगायचं होतं, ते सुचलं नाही, म्हणून मी मूर्खपणाचं सांगितलं. म्हटलं, पुरुषांचं असंच असतं, आजारी बायकोचा त्यांना कंटाळा येतो. घरी येऊन मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचंच बाकी ठेवलं.

मग मी आर्वोला गाठलं. चांगली खरडपट्टी काढली. तुझी बायको भिंतींशी बोलतेय, तुझ्या मनात काय आहे ते तिला एकदा सांगून टाक, असं म्हणाले. तो लाकूड फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, "ही लाकडं ओली आहेत." मला वाटलं, यालाही आता डॉक्टरकडे न्यावं.

उन्हाळा कसाबसा सरला. ताइमी रोज कामावरून आली की तळ्यात उतरायची. काठापासून थोडं आत एक सपाट खडक आहे, त्याच्यावर बसलं की पाणी गळ्याशी येतं. मी धक्क्यावर पंचा घेऊन उभी राहायची. सप्टेंबर संपला, ऑक्टोबर लागला, तरी तिचं चालूच. डॉक्टर म्हणाला होता झेपेल तेवढं गार, पण आमच्यात झेपेल तेवढं म्हणजे किती, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. पाचच मिनिटं बसायची. म्हणायची, या पाच मिनिटांत मी पूर्वीची असते. आर्वो दुरून, झाडांतून बघायचा. ती बाहेर आली की निघून जायचा.

ऑक्टोबरातला तिसरा शनिवार. चार वाजले असतील. काठाशी सकाळचा पापुद्र्याएवढा बर्फ अजून तरंगत होता. ताइमी खडकावर बसली होती. आर्वो झाडांतून बाहेर आला, धक्क्यावर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि बूट काढायला लागला. मग मोजे काढले, ते बुटांत घातले. सदरा काढून घडी घातली. विजारीसकट पाण्यात उतरला, चालत खडकापर्यंत गेला आणि तिच्याशेजारी बसला. दोघांची नुसती डोकी दिसत होती, दोघं समोरच्या किनाऱ्याकडे बघत होते. मी हलले नाही. मला नीट ऐकू येत होतं आणि मी ऐकलं, त्याबद्दल मला काही वाटत नाही.

"त्या पहिल्या शनिवारी," आर्वो म्हणाला, "तू म्हणाली होतीस, मी जरा खाली उतरू का."

"हो."

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस. आणि मी हसलो."

"मीही हसले होते, आर्वो."

"मी हसलो आणि आणखी एक पळी टाकली. मग तू हसलीस, म्हणून दुसरी टाकली." त्याचा जबडा थडथडत होता. "त्याच्यानंतर तुझे पाय गेले."

ताइमी म्हणाली, "त्याने आजार वाढला नाही. डॉक्टरने सांगितलं ना तुझ्यासमोर."

"डॉक्टर तिथे नव्हता, मी होतो. मी शिजवत होतो तुला, ताइमी. तेरा आठवडे. आणि वर दुकानात जाऊन सांगत होतो की बरी होतेय." तो थांबला. "आता तुझ्यासमोर तोंड उघडलं की मला ती पळी दिसते. मग मी उघडतच नाही."

एवढीच गोष्ट होती. सात महिने हा माणूस राग, किळस, कंटाळा यातलं काहीही गिळत नव्हता, एक पळीभर पाणी गिळत होता. आणि मी त्याची सख्खी बहीण, भिंतीपलीकडे राहणारी, ओंडके मीच वाहिलेले, मला हे सुचू नये? माझे डोळे भरून आले आणि वर त्याचा रागही आला. लाकडं ओली आहेत म्हणे.

ताइमी काय उत्तर देणार, याची मी वाट बघत होते. पाण्याखाली तिने काय केलं ते मला दिसलं नाही, पण आर्वोचा खांदा तिच्याकडे कलला आणि तो बोलायला लागला. बांध फुटावा तसा. मुकादमाने चुकीची झाडं तोडायला लावली तिथपासून ते टबात ती बोटं शोधत होती तेव्हा त्याला पळून जावंसं वाटलं होतं तिथपर्यंत. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. मी ओरडले की आता पुरे, बाहेर या.

ताइमी उठली. अशी सरळ, खांबासारखी, पाणी कमरेपर्यंत. तिने हात पुढे केला. आर्वोने तो धरला, उठायला गेला आणि पुन्हा खडकावर बसला. पुन्हा उठायला गेला, पुन्हा बसला.

"पाय नाहीत," तो म्हणाला. चकित होऊन म्हणाला. "आहेत, पण सापडत नाहीत."

मी बुटांसकट पाण्यात धावले. ताइमीने मला हाताने थांबवलं. तिने खाली वाकून त्याचा दंड स्वतःच्या मानेभोवती घेतला, कमरेत हात घातला आणि जंगलात ओंडके ओढणाऱ्या त्या दांडग्या माणसाला उभं केलं. एकेक पाऊल टाकत त्याला काठाकडे आणायला लागली. ज्या बाईला जुलैत मी कॉफीचा कप धरून पाजला होता, ती. कोण आजारी आणि कोण धड, कोण कुणाला सांभाळतंय, त्या घटकेला मला विचारलं असतं तर मी काहीतरी भलतंच सांगितलं असतं.

आणि आर्वो बोलतच होता. दात इतके वाजत होते की निम्मे शब्द मधेच तुटत होते. ती प्रत्येकाला "हं" म्हणत होती. धक्क्यावर आम्ही त्याला बसवलं. पंचा एकच होता, तो तिने त्याच्यावर टाकला आणि त्याच्या पोटऱ्या रगडायला लागली.

"कळलं का तुला, मी काय म्हणालो?" त्याने विचारलं.

"अर्धं कळलं," ताइमी म्हणाली. "उरलेलं उद्या सांग."

आर्वो गोंधळला.

"उद्या तर रविवार आहे," तो म्हणाला.

"असू दे," ताइमी म्हणाली. "घरात सांग."